स्पॅम रेट शून्यावर दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका

ईमेल मार्केटिंग करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: "डिलिव्हरेबिलिटीवर लक्ष ठेवणं आठवड्यातून पाच मिनिटांचं काम आहे. रिपोर्टमध्ये डिलिव्हरी ९८ टक्क्यांच्या वर हवी. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पास हवेत. गुगल पोस्टमास्टर टूल्समध्ये स्पॅम रेट ०.१ टक्क्याच्या खाली हवा, आणि डेटाच दिसत नसेल तर तक्रारीच नाहीत असं समजा. मायक्रोसॉफ्टच्या एसएनडीएसमध्ये आयपी हिरवा हवा. एवढं जमलं की मेल इनबॉक्समध्येच जातो. आणि बिघडलंच तर नवं डोमेन घ्या."

आधी शब्द: डिलिव्हरेबिलिटी म्हणजे मेल इनबॉक्सपर्यंत पोहोचण्याची क्षमता, आणि स्पॅम रेट म्हणजे लोकांनी स्पॅम म्हणून कळवलेल्या मेलचं प्रमाण. मेल खरंच त्या डोमेनचा आहे का, हे एसपीएफ (पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) आणि डीमार्क (या दोन्हींची 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळणी) यांतून तपासलं जातं. पोस्टमास्टर टूल्स आणि एसएनडीएस ही गुगल आणि मायक्रोसॉफ्टची, पाठवणाऱ्यांना आकडे दाखवणारी साधनं. यातली साधनं खरी आहेत, आकडेही बरेचसे बरोबर आहेत. पण कुठला आकडा कोण मोजतं, कशातून मोजतं आणि मोजताना काय वगळतं, हे या मजकुरात कुठेच येत नाही. त्यामुळे सगळे दिवे हिरवे असताना अर्धी यादी स्पॅम फोल्डरमध्ये पडलेली असते आणि ते लक्षात येतं थेट विक्री घसरल्यावर. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

"डिलिव्हरी ९८ टक्के, म्हणजे मेल पोहोचला."

समोरच्या सर्व्हरने २५० हा कोड दिला की पाठवणारी सेवा तो मेल 'डिलिव्हर्ड' धरते. २५० चा अर्थ एवढाच की सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. तो इनबॉक्समध्ये ठेवायचा, प्रमोशन्स टॅबमध्ये की स्पॅममध्ये, हे त्यानंतर ठरतं आणि तो निर्णय पाठवणाऱ्याला कोणीही कळवत नाही. सगळेच्या सगळे मेल स्पॅममध्ये गेले तरी हा आकडा ९९ टक्के दिसू शकतो.

या रिपोर्टमागचा एसएमटीपी लॉग, म्हणजे समोरच्या सर्व्हरने दिलेल्या उत्तरांची नोंद, मात्र कामाचा आहे. तो प्रोव्हायडरनुसार वेगळा करा: जीमेल एका गटात, याहू आणि एओएल दुसऱ्यात, आउटलुक-हॉटमेल-लाइव्ह-एमएसएन तिसऱ्यात. मग ४ ने सुरू होणारे कोड, म्हणजे तात्पुरते नकार, मोजा. जीमेलकडून ४२१ ४.७.२८ वाढायला लागले तर तुमच्या मेलचा वेग किंवा स्वरूप त्यांना खटकलंय, म्हणून ते तुम्हाला रोखून धरताहेत. पुन्हापुन्हा प्रयत्न करून काही तासांनी मेल स्वीकारला जातो, रिपोर्टमध्ये तो 'डिलिव्हर्ड' म्हणूनच मोजला जातो आणि इशारा कोणाच्या नजरेला पडत नाही. पहिल्या प्रयत्नात किती टक्के मेल स्वीकारले गेले, हा आकडा प्रोव्हायडरनुसार रोज नोंदवून ठेवा. अंतिम डिलिव्हरीपेक्षा तो बराच आधी बोलतो.

"तिन्ही पास, म्हणजे स्पॅम नाही."

ऑथेंटिकेशनमुळे, म्हणजे या तिन्ही तपासण्यांमुळे, मेल कोणी पाठवला हे सिद्ध होतं. तो मेल कोणाला हवा होता का, हा प्रश्न तिथे येतच नाही. स्पॅम पाठवणारेही स्वतःच्या डोमेनवर तिन्ही नोंदी व्यवस्थित करून घेतात. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. आउटलुक डॉट कॉमनेही मे २०२५ पासून दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनना तीच अट घातली, आणि ती न पाळल्यास ५५० ५.७.५१५ हा नकार येतो. म्हणजे हे प्रवेशासाठी लागणारं किमान आहे. आत जागा कुठे मिळेल, ते पाठवणारा म्हणून तुमची पत किती आहे त्यावर ठरतं.

शिवाय 'पास' या शब्दातही एक पेच आहे. रिटर्न-पाथमध्ये (न पोहोचलेला मेल जिथे परत येतो तो पत्ता) पाठवणाऱ्या सेवेचं डोमेन असेल तर एसपीएफ पास होतो, पण त्यांच्या डोमेनसाठी. डीमार्कला हवं असतं की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एक पास झालेलं डोमेन 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळावं. जीमेलमध्ये मेल उघडून 'शो ओरिजिनल' पाहा. डीकेआयएमच्या ओळीत तुमचंच डोमेन आहे का ते तपासा, नुसता 'पास' वाचून पुढे जाऊ नका. एसपीएफ तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप (डोमेनच्या नोंदींची विचारणा) झाले तर पर्मएरर, म्हणजे कायमची चूक, येतो. नवी सेवा जोडताना एसपीएफमध्ये आणखी एक 'इन्क्लूड' (दुसऱ्या सेवेची यादी जोडणारा भाग) टाकला आणि जुनं सगळं मोडलं, हे फार वेळा घडतं. डीमार्कचे एकत्रित रिपोर्ट रोज मागवा. तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल निघाले हे त्यात कळतं. इनबॉक्स की स्पॅम, हे त्यांतही नसतं.

"स्पॅम रेट ०.१ टक्क्याच्या खाली, म्हणजे सगळं ठीक."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

मर्यादा खऱ्या आहेत. ०.१० टक्क्याच्या खाली राहा आणि ०.३० टक्क्याला कधीही पोहोचू नका, असं गुगल स्वतः सांगतं. पण हा आकडा निघतो कसा? अंशात असतात लोकांनी स्वतः 'स्पॅम' म्हणून कळवलेले मेल. छेदात असतात सक्रिय वापरकर्त्यांच्या इनबॉक्समध्ये पोहोचलेले मेल. पाठवलेले सगळे मेल छेदात नसतात. जे थेट स्पॅममध्ये गेले ते छेदात नाहीत आणि अंशातही येऊ शकत नाहीत, कारण स्पॅम फोल्डरमध्ये 'रिपोर्ट स्पॅम' हे बटणच नसतं. तिथे असतं 'नॉट स्पॅम'.

एक हिशेब मांडू. समजा एका दिवशी जीमेलवर १,००,००० मेल पाठवले. त्यातले ९५,००० इनबॉक्समध्ये गेले आणि १९० जणांनी तक्रार केली. स्पॅम रेट ०.२० टक्के, क्लिक १,९००. पुढच्या दोन आठवड्यांत जीमेलचं मत बिघडलं. आता तेवढेच मेल पाठवल्यावर ८०,००० स्पॅममध्ये जाताहेत, आणि इनबॉक्समध्ये पोहोचताहेत ते २०,००० लोक, जे तुमचे मेल नेहमी उघडतात. असे लोक तक्रार क्वचितच करतात. समजा ८ तक्रारी आल्या. स्पॅम रेट ०.०४ टक्के, क्लिक ६००. डॅशबोर्डवरची रेषा सुंदर खाली आलेली दिसते, टीम खूश होते, आणि प्रत्यक्षात पाचातले चार मेल कोणी पाहतही नाही. मेल स्पॅममध्ये जात असतील तर स्पॅम रेट कमी दिसू शकतो, हे गुगलने आपल्या मदतपानावर स्पष्ट लिहिलं आहे. फिरणाऱ्या मजकुरात नेमकी तीच ओळ गळते.

म्हणून स्पॅम रेट कधीही एकटा वाचू नका. शेजारी त्याच दिवसाचे फक्त जीमेलचे क्लिक ठेवा. दोन्ही एकदम घसरले तर ती सुधारणा धरू नका, मेल स्पॅममध्ये जायला लागल्याची ती खूण असते. उघडण्याच्या दरावर इथे भिस्त ठेवू नका. २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, तेव्हापासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवतं आणि न वाचलेला मेलही 'उघडला' म्हणून मोजला जातो. दुसरीकडे जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापतं. ट्रॅकिंगचं चित्र तळाशी असेल तर वाचलेला मेलही मोजला जात नाही. क्लिकमध्येही मेल पोहोचताच काही सेकंदांत येणारे क्लिक वगळा, ते बहुधा सुरक्षा स्कॅनरचे असतात.

दुसरा सापळा मिसळणीचा. एकाच डोमेनवरून ओटीपी आणि पावत्या जातात आणि ऑफरचे मेलही जातात. समजा ८०,००० व्यवहाराच्या मेलवर ४ तक्रारी आणि २०,००० ऑफर मेलवर १२०. एकूण दर दिसतो ०.१२ टक्के, जरासा जास्त, चालून जाण्यासारखा. ऑफरचा खरा दर आहे ०.६ टक्के, मर्यादेच्या दुप्पट. आणि त्याची शिक्षा ओटीपीलाही भोगावी लागते. उपाय म्हणजे दोन्हींना वेगळे सबडोमेन द्या, प्रत्येकाची डीकेआयएम सही त्याच सबडोमेनची ठेवा आणि दोन्ही सबडोमेन पोस्टमास्टर टूल्समध्ये स्वतंत्र जोडा. मुख्य डोमेनची पडताळणी झालेली असेल तर सबडोमेनसाठी वेगळी टीएक्सटी नोंद (मालकी सिद्ध करणारी डीएनएस नोंद) लागत नाही.

कुठली मोहीम दर बिघडवतेय हे शोधायला 'फीडबॅक-आयडी' हा हेडर, म्हणजे मेलच्या माहितीत टाकायची एक ओळ, आहे. त्यात कोलनने वेगळे केलेले चार भाग असतात. पहिले तीन ऐच्छिक: मोहीम, ग्राहकगट, मेलचा प्रकार, जे हवं ते. शेवटचा भाग, पाठवणाऱ्याची ५ ते १५ अक्षरांची कायम खूण, सक्तीचा. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या भागात प्रत्येक मेलचा वेगळा क्रमांक टाकणं. गुगल फक्त मोठ्या संख्येने आलेल्या खुणांचा डेटा दाखवतं, त्यामुळे असा हेडर असून नसल्यासारखा. एका मोहिमेला एकच खूण द्या.

आणि नेमकी तक्रार कोणी केली हे जीमेल सांगत नाही. याहूचा कंप्लेंट फीडबॅक लूप आणि मायक्रोसॉफ्टचा जेएमआरपी, या तक्रारी पाठवणाऱ्याला कळवणाऱ्या सेवा, मात्र सांगतात. दोन्हीकडे नोंदणी करा आणि तक्रार आली की तो पत्ता यादीतून आपोआप निघेल अशी सोय करा. याहूची नोंदणी डीकेआयएम डोमेनवर चालते, मायक्रोसॉफ्टची आयपीवर.

"डेटा नाही, म्हणजे तक्रार नाही."

डेटा नसण्याची कारणं साधारण दोन. एक, त्या दिवशी जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर पुरेसे मेल गेले नाहीत. दुसरं कारण जास्त त्रासदायक: तुम्ही जोडलेल्या डोमेनची सहीच मेलवर नाही, पाठवणाऱ्या सेवेची आहे. 'फ्रॉम'मधलं डोमेन जोडलं आणि पडताळणीही झाली, तरी डॅशबोर्ड महिनोन्‌महिने कोरा राहतो. 'शो ओरिजिनल'मध्ये डीकेआयएमपुढे जे डोमेन दिसतं तेच जोडा. ते तुमचं नसेल तर आधी सेवेच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या डोमेनची सही सुरू करा. पाठवणीच कमी असेल तर पोस्टमास्टर टूल्सची वाट बघण्यात अर्थ नाही. लॉग, प्रोव्हायडरनुसार क्लिक आणि आलेली उत्तरं, यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

जाता जाता: 'डोमेन रेप्युटेशन हाय आहे का पाहा' हा सल्ला अजूनही फिरतो. आयपी आणि डोमेन रेप्युटेशनचे ते डॅशबोर्ड गुगलने २०२५ मध्ये जुन्या आवृत्तीबरोबर बंद केले. आता आहे तो अटींच्या पालनाचा डॅशबोर्ड. ऑथेंटिकेशन, एका क्लिकचं अनसबस्क्राइब, स्पॅम रेट अशा अटी पाळल्या जाताहेत की नाहीत, एवढं तो सांगतो. अटी पाळूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो.

"एसएनडीएसमध्ये हिरवा, म्हणजे आउटलुक ठीक."

हिरव्याचा अर्थ त्या आयपीवरच्या १० टक्क्यांपेक्षा कमी मेलना फिल्टरने स्पॅम ठरवलं. लाल म्हणजे ९० टक्क्यांपेक्षा जास्त. मधला १० ते ९० टक्के असा प्रचंड पट्टा पिवळा. त्यामुळे 'अजून पिवळाच आहे' यात दिलासा काहीच नाही: १२ टक्केही पिवळे आणि ८८ टक्केही पिवळेच. रंगाशेजारचे रकाने वाचा. तक्रारींचं प्रमाण आणि ट्रॅप हिट्स (स्पॅमर पकडण्यासाठी ठेवलेल्या पत्त्यांवर गेलेले मेल) तिथे असतात. ट्रॅपवर मेल जाताहेत म्हणजे यादीत जुने, बंद पडलेले किंवा विकत घेतलेले पत्ते आहेत. आयपी हिरवा असतानाही हा आकडा दिसू शकतो.

हे साधन आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल यांसारख्या वैयक्तिक खात्यांपुरतं आहे. कंपन्यांच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मेलबॉक्सचं चित्र त्यात नाही, तिथे प्रत्येक कंपनीच्या ॲडमिनचे स्वतःचे नियम चालतात. दिवसाला १०० पेक्षा कमी मेल गेले तर त्या आयपीचा डेटाही दिसत नाही. आणि सेवेच्या सामायिक आयपीवरून पाठवत असाल तर एसएनडीएसचा प्रवेश तुम्हाला मिळणार नाही, तो आयपीच्या मालकाला मिळतो. सेवेकडे आकडे मागा, आणि ते टाळाटाळ करत असतील तर त्याचीही नोंद घ्या.

"बिघडलं तर नवं डोमेन."

नव्या डोमेनला पत नसते, आणि पत नसलेल्या डोमेनवरून एकदम हजारो मेल निघणं हे फिल्टरच्या दृष्टीने स्पॅमरचंच वागणं. नुकत्याच दिसू लागलेल्या डोमेनसाठी स्पॅमहाउस या, स्पॅमच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेची वेगळी यादीच आहे. मेलमधल्या लिंकची डोमेनंही स्वतंत्रपणे तपासली जातात. 'फ्रॉम' बदलला आणि लिंक जुन्याच ठेवल्या तर जुना इतिहास मेलबरोबरच प्रवास करतो. आणि यादी तीच राहिली तर तक्रारीही तेच लोक करणार.

जुनं डोमेन सावरणं बहुतेक वेळा शक्य असतं. ऑफर मेल आधी गेल्या ३० दिवसांत क्लिक केलेल्यांपुरतेच ठेवा, बाकीच्यांना पूर्ण थांबवा. एका क्लिकचं अनसबस्क्राइब चालतंय ना ते स्वतः दाबून पाहा, विनंती ४८ तासांच्या आत अमलात यायला हवी. पहिल्या प्रयत्नात स्वीकारले जाणारे मेल आणि जीमेलचे क्लिक दोन्ही स्थिरावले की मर्यादा ६० दिवसांपर्यंत वाढवा, मग ९०. एखाद्या टप्प्यावर ४२१ पुन्हा वाढले तर मागच्या टप्प्यावर या. स्पॅम रेट ०.३ टक्क्याच्या वर असताना मेल अडवले जाताहेत म्हणून गुगलकडे सवलतीसाठी अर्ज करून उपयोग नाही. सलग सात दिवस तो खाली राहिला तरच तुम्ही पुन्हा पात्र ठरता, आणि ते सात दिवस मोजतानाही क्लिकचा रकाना शेजारी उघडाच ठेवा.