एक तारा मिळालेल्या के ३१ बद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा देऊन अभिप्राय मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. आमच्या दुकानाकडून अमेरिकेतले बरेच मराठी संग्राहक रायफली घेतात, त्यांनाही ते वाचता येईल.

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: स्विस सैन्याच्या जुन्या के ३१ रायफलीचा लाकडी दस्ता खालच्या बाजूला खरवडलेला आणि काळवंडलेला निघाला, तो तासून पॉलिश करून द्यायला मी नकार दिला, दस्त्यातल्या कागदाचा फोटो पाठवला नाही, वीस वर्षांपूर्वी शंभर डॉलरला मिळणाऱ्या रायफलीचे कितीतरी पट पैसे घेतले, आणि ती पुण्याला वडिलांकडे पाठवायला नाही म्हणालो.

दस्त्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्यासाठी तोच खरा मुद्दा आहे. के ३१ चे दस्ते बहुतेक असेच येतात: वरचा भाग ठीक, आणि बटाकडचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडचा भाग ठेचलेला, डागाळलेला. कारणांबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. कोणी बर्फ आणि ओल्या गवताला दोष देतं, कोणी खिळे ठोकलेल्या लष्करी बुटांना. पण ही रायफल वापरली कोणी, ते बघा. स्वित्झर्लंडमध्ये नागरिक हाच सैनिक. रायफल घरी, सरावाला तीच, आणि १९३९ साली सरसेनापती जनरल गीझां यांच्या नेतृत्वाखाली सैन्य जमवलं गेलं तेव्हा सीमेवरही तीच. देश युद्धात उतरला नाही, तरी ही माणसं डोंगरात, चिखलात, थंडीत पहाऱ्यावर उभी राहिली. तुमची रायफल त्याच काळातली, अक्रोडाच्या दस्त्याची. नंतरच्या रायफलींना बीचचं लाकूड आलं. तासकाम केलं की त्या वर्षांच्या खुणा जातात, लाकडावरचे शिक्के पुसट होतात, आणि लाकूड धातूच्या पातळीखाली जातं. हे पुन्हा भरून काढता येत नाही. कितीही पैसे देऊ केलेत तरी ते काम माझ्या दुकानात होणार नाही. जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवा, तेवढं पुरे.

आता धातूकडे बघा, ज्याबद्दल तुमच्या अभिप्रायात एक ओळही नाही. नळीत उजेड धरून पाहिलात का? आरशासारखी आहे. स्विस सैन्याचं जीपी ११ काडतूस नळीला गंज आणत नाही, आणि रायफल साफ ठेवणं हा तिथे शिस्तीचा भाग होता. बोल्टची, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ सरळ मागे ओढा. वर उचलायची गरजच नाही. बोल्टला जागेवर अडकवणारं कुलूप आतली खाचच फिरवून सोडवते. ही कल्पना स्विस शस्त्ररचनाकार रुडॉल्फ श्मिट यांची, तिचं मूळ काडतूस एडुआर्ड रुबिन यांचं, आणि पहिली रायफल १८८९ ची. त्या जुन्या रचनेत बोल्ट फार लांब होता. बर्नच्या सरकारी कारखान्यात आडोल्फ फुरर यांच्या देखरेखीखाली १९३१ ची रचना झाली, तेव्हा कुलूप काडतुसाच्या लगेच मागे आणलं गेलं आणि वाचलेली जागा नळीला मिळाली. आधीच्या १९११ च्या कार्बाइनची (आखूड रायफलीची) नळी ५९२ मिलिमीटर, हिची ६५२, आणि एकूण लांबी जवळजवळ तीच! ट्रिगरचे दोन टप्पे बोटाला स्पष्ट कळतात. सैनिकांसाठी लाखोंनी बनवलेल्या रायफलीत इतकं नेटकं काम मला दुसऱ्या कोणत्याही देशाचं दिसलेलं नाही, आणि माझ्या रॅकवर जर्मन, रशियन, ब्रिटिश सगळ्या आहेत. बोल्ट, नळी, मॅगझिन यांचे नंबर जुळतात हे मी विक्रीआधी लिहून दिलं होतं. तुमच्या रायफलीवर पी हा शिक्काही आहे, म्हणजे सेवा संपल्यावर ती अधिकृतपणे खाजगी मालकीची झाली.

कागदाचं सांगतो. दस्त्याच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीचे, म्हणजे बटप्लेटचे, दोन स्क्रू काढले की आत कधी कधी सैनिकाचं नाव, तुकडी आणि पत्ता लिहिलेला कागद सापडतो. तुमच्या रायफलीत तो आहे, हे मी विक्रीआधी सांगितलं. फोटो मात्र मी कोणालाच पाठवत नाही आणि जाहिरातीत टाकत नाही. तो खऱ्या माणसाचा पत्ता आहे. तो किंवा त्याची मुलं आजही तिथे राहत असतील. रायफल आता तुमच्या हातात आहे, कागद तुम्ही स्वतः वाचा. काही संग्राहकांनी अशा पत्त्यावर अदबीने पत्रं लिहिली आहेत आणि त्यांना उत्तरंही आली आहेत.

किमतीबद्दल तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. या शतकाच्या सुरुवातीला के ३१ शंभर-सव्वाशे डॉलरला मिळत, हे खरं. तेव्हा स्विस कोठारांतून त्या पेट्यांनी येत होत्या. उत्पादन १९५८ मध्ये थांबलं, एकूण सव्वापाच लाखांच्या आसपास बनल्या, आणि आता तसे साठे येत नाहीत. आम्हालाही आज त्या जुन्या संग्राहकांकडून एकेक करून घ्याव्या लागतात. तुमच्या भागातल्या परवानाधारक दुकानदाराने घेतलेलं हस्तांतर शुल्क आमच्याकडे येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठीचा संग्राहक परवाना काढलात, तर पुढची रायफल बहुतेक राज्यांत थेट घरी येऊ शकते.

पुण्याला पाठवण्याबद्दल मी फोनवरही स्पष्ट बोललो होतो. अमेरिकेतून निर्यातीला परवाना लागतो, आणि भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आयातीला वेगळा परवाना लागतो. भिंतीवर लावायची असली तरी ती चालू रायफलच आहे. भेटवस्तू म्हणून पार्सलात घालणं हा गुन्हा ठरेल, आणि त्याचा त्रास तुमच्या वडिलांना होईल.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट, सुरक्षिततेची आहे म्हणून लिहितो. तुम्ही पुढे १८८९ चं मॉडेल घ्यायचा विचार बोलून दाखवला होता. त्या रायफलीत जीपी ११ कधीही चालवू नका. काडतूस आत बसलं तरी ती रचना त्या दाबासाठी नाही. तसंच फ्रेंच ७.५ आणि स्विस ७.५ ही वेगळी काडतुसं आहेत, पेटीवरचा नुसता ७.५ हा आकडा पाहून घेऊ नका.

रायफल अजूनही नको असेल, तर दस्त्याला पॉलिशपेपर लावण्याआधी परत करा. आहे त्या स्थितीत मी पूर्ण किमतीला घेईन, दुकानदारामार्फत पाठवण्याचा खर्चही माझा. दस्ता तासलेला असेल तर घेणार नाही.