आजी नव्वदीची, सरासरी 32 ची

आमच्या कट्ट्यावर वाद पेटायला बापूंचे एक वाक्य पुरते. परवाचे वाक्य होते, "पूर्वीची माणसे सहज नव्वदी गाठायची, आता साठीतच गोळ्यांचे डबे." पुरावा म्हणून त्यांनी चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेलेली आपली आजी पुढे केली. मंदारने लगेच मोबाइल काढून वाचून दाखवले की, स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे 32 वर्षे होते आणि आता ते 70 च्या घरात आहे. आकडा बरोबर होता, पण बापू हटले नाहीत. "म्हणजे माणसे बत्तिशीत म्हातारी होऊन मरत होती काय? मग आमच्या गावच्या पारावर बसणारे पांढऱ्या मिशांचे लोक कोण होते?"

हा प्रश्न मला मंदारच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटला. विमा व्यवसायात हयात घालवलेल्या शिरीषरावांनी त्याचे उत्तर तोंडी हिशेबाने दिले: दहा मुलांपैकी चार वर्षाची होताच दगावली आणि उरलेली सहा साठीपर्यंत जगली, तर सरासरी 36 च्या आसपास येते, पण त्या घरात छत्तिसाव्या वर्षी कोणीच मेलेले नसते. सरकारी आकड्यांनुसार 1951 च्या सुमारास हजार जन्मांमागे 146 अर्भके वर्षाच्या आत दगावत. 2020 मध्ये हे प्रमाण 28 वर आले. साठी गाठलेल्या माणसाला मात्र तेव्हा आणखी साधारण दहा वर्षे मिळत आणि आज अठरा मिळतात, म्हणजे जन्मवेळच्या आयुर्मानात 38 वर्षांची झेप दिसते, पण साठी गाठलेल्यांच्या वाट्याला आठच वर्षे जास्तीची आली आहेत. विम्याचा हप्ताही म्हणूनच जन्मवेळच्या सरासरीवर ठरत नाही. समोरच्या माणसाचे आजचे वय पाहूनच तो ठरतो.

बापूंना हे ऐकून जिंकल्यासारखे वाटू लागले, तोच शिरीषरावांनी विचारले, "बापू, तुमच्या आजीला भावंडे किती होती?" आठ होती. "त्यांतली लग्नाच्या वयापर्यंत पोहोचली किती?" बापूंनी बोटे मोजली आणि तीन म्हणाले, कोणी देवीने गेले, कोणी तापाने, दोघांची तर नावेही घरात कोणाला ठाऊक नव्हती. ज्यांचे फोटो भिंतीवर लागले, तेवढीच माणसे बापूंच्या पुराव्यात आली होती.

नानांनी नेहमीप्रमाणे "आकडे काय, हवे तसे वळवता येतात" असे म्हणून विषय मिटवू पाहिला. हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण बहुधा आळसाचे असते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावी जन्ममृत्यूंची स्वतः नोंद ठेवली, गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि ही सेवा नसलेल्या गावांशी तुलना करून 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. तुलनेची गावे नसती, तर ही घट सेवेमुळे झाली की चांगल्या पावसापाण्यामुळे, यावर नानांना वर्षभर वाद घालता आला असता.

शेवटी बापूंनी आपले म्हणणे बदलले: पूर्वी जास्त माणसे नव्वदीपर्यंत जगत असे नव्हे, पण जी जगली ती शेवटपर्यंत धडधाकट होती. मंदार पुन्हा मोबाइलकडे वळला, तेव्हा शिरीषरावांनी त्याला थांबवले, कारण आयुर्मानाच्या तक्त्यात माणूस जिवंत आहे की नाही एवढेच मोजले जाते. तो शेतात होता की अंथरुणावर, याची नोंद त्यात नसते. त्यासाठी त्या काळच्या म्हाताऱ्यांच्या प्रकृतीची वेगळी पाहणी लागेल. ती सापडेपर्यंत हा दावा आजीच्या एकटीच्या भरवशावर राहील, असे त्यांनी सांगितले आणि बापूंनी तो तसाच लावून धरला.