देव काय मतदानाने निवडून आला?

सकाळी साडेसहाला आत्याचा फोन. "अरे, प्रभूला देव ठरवायला मतं घेतली होती म्हणे?" झालं होतं असं, की तिच्या नातवाने 'द दा विंची कोड' ही कादंबरी आत्ता कुठे वाचली (पुस्तक २००३ चं, पण असो) आणि त्यातल्या एका पात्राचं लांबलचक प्रवचन 'लपवलेला इतिहास' म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्या जन्मभर चर्चमध्ये नायसियाचा मतांगीकार, म्हणजे येशूला देव म्हणणारी श्रद्धेची कबुली, म्हणत आली आहे. तिला रात्रभर झोप नाही.

दावा असा: इसवी सन ३२५ पर्यंत येशूला सगळे माणूसच मानत, नायसिया गावी भरलेल्या बिशपांच्या परिषदेत काठावरच्या मतांनी तो देव झाला.

बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं दाखवली तर 'ती तुमचीच माणसं' म्हणाल. म्हणून परका साक्षीदार घ्या. प्लिनी हा बिथिनियाचा रोमन सुभेदार. ख्रिस्ती म्हणवणं न सोडणाऱ्यांना मृत्युदंड देणारा माणूस. इसवी सन ११२ च्या सुमारास तो सम्राट ट्राजनला पत्रातून विचारतो, की या लोकांचं करू काय? चौकशीत त्याला कळलेलं असतं, की ते ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. परिषदेच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. आणि नायसिया हे गाव याच प्लिनीच्या प्रांतातलं!

मुळात परिषदेतला वादच वेगळा होता. ज्याच्या शिकवणीवरून वाद पेटला, तो अरियस नावाचा धर्मगुरूही येशूला निव्वळ माणूस म्हणत नव्हता. पुत्र (म्हणजे येशू) सगळ्या सृष्टीच्या आधीचा, पण पित्याने निर्माण केलेला, असं त्याचं म्हणणं. आणि काठावरची मतं? बिशप जमले अडीचशे-तीनशे. शेवटपर्यंत अरियसच्या बाजूने राहून हद्दपार झाले दोन. ग्रामपंचायतीतसुद्धा याला काठावर म्हणत नाहीत.

दुसरा दावा, बायबल रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निवडलं. परिषदेच्या २० नियमांत पुस्तकांची यादीच नाही. 'शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची पुस्तकं) चारच' हे इरेनियस नावाचा बिशप १८० च्या सुमारास लिहून गेला होता. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची यादी बिशप अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात सापडते; तेव्हा कॉन्स्टंटाइनला जाऊन तीस वर्षं झाली होती. बरं, एवढं मान्य करतो: परिषद बोलावली त्याने, हद्दपारीचा हुकूमही त्याचाच, शास्त्राच्या पन्नास प्रतीही त्याने करवून घेतल्या. थोमा, फिलिप यांच्या नावांची शुभवर्तमानंही फिरत होती. राजाचा हात होताच. पण प्रती मागवणारा मजकूर ठरवतो असं थोडंच आहे?

बाकीचं किरकोळ. कादंबरी ज्यांत दडवलेली शुभवर्तमानं सापडल्याचं सांगते, त्या मृत समुद्राजवळच्या प्राचीन गुंडाळ्यांत एकही शुभवर्तमान नाही. आणि कादंबरीतली ती 'प्राचीन' गुप्त संघटना, प्रायरी ऑफ सायन, पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने फ्रान्समध्ये १९५६ साली नोंदवलेली. तिचे जुने कागद बनावट.

कादंबरी मीही एका बैठकीत संपवली होती, मजा आली होती. नातवाने आता हेही त्याच ग्रुपवर टाकावं. त्याआधी आजीला फोन करावा, ती पाचलाच उठते.