आनंदी आहे ना?

बारशाला आत्याने कानात ‘आनंदी’ म्हटलं, तेव्हा तिने सकाळचा लेडीज डबा पाहिलेला नसणार. मुलुंडहून चौथ्या सीटवर अर्धीमुर्धी टेकून, पर्स पोटाशी धरून निघावं, तर समोरची बाई म्हणते, "नाव आनंदी आणि तोंड असं?" शीतल संतापली, शांता भांडली तर कुणी हटकत नाही. मी मात्र मेगाब्लॉकच्या रविवारीसुद्धा नावाप्रमाणे दिसायचं.

त्यात ‘कुठली आनंदी?’ आहेच. ऑफिसातल्या हिंदीवाल्यांचा निकाल २००८ च्या मालिकेने लावून टाकलाय: "अच्छा, बालिका वधूवाली!" पंचेचाळिशीत कुणी बालिका म्हणतंय, म्हणून मी ते सोडून देते. मराठी माणूस मात्र थेट पेशवाईत शिरतो. साहेब पत्र तपासायला देताना न चुकता बजावतात, "बघा हं, ध चा मा करू नका." १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही आख्यायिका. पण मी एक्सेलमध्ये जीएसटीचा आकडा दुरुस्त केला, तरी शेजारच्या टेबलावर खसखस पिकते.

चांगली आनंदी काढली तरी सुटका नाही. आमचे एक काका कल्याणचे. आनंदीबाई जोशींचं माहेर कल्याणचं, त्यामुळे त्यांची डॉक्टरकी काकांच्या घरचीच. "१८८६ साली अमेरिकेत एम.डी.! विशीतली पोर! शुक्रावरच्या विवराला तिचं नाव दिलंय, ठाऊक आहे?" ठाऊक आहे, काका. मागच्या दिवाळीलाही ठाऊक होतं. विशीत मी दादरला क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स काढत होते. आणि शुक्राचं राहू द्या, माझं नाव सोसायटीच्या बोर्डावरही धड नाही. पेंटरला शेवटच्या वेलांटीपुरती जागा उरली नाही, त्याने ‘आनंद’वर भागवलं. तेव्हापासून कुरिअरवाले माझ्या नवऱ्याला आनंदभाई म्हणतात. तोही ‘ओ’ देतो.

खरा पेच लग्नात पडला. सासरी नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरलेले, नवरदेवाच्या हातात अंगठी, गुरुजी खोळंबलेले. आता जोशीबाई माहेरच्या यमुना, लग्नानंतर आनंदी झाल्या. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई, त्याही लग्नानंतर आनंदी. म्हणजे बाकीच्या गाडी बदलून जिथे पोचल्या, त्या स्टेशनवर मी जन्मापासून उभी. उलट जायचं तर यमुना नाहीतर गोदू! सासूबाईंनी ‘समृद्धी’ सुचवलं. नवऱ्याने उपरण्याने घाम पुसला, अंगठी तांदळात फिरवली आणि आहे तेच नाव लिहिलं.

सासूबाईंनी वाकून ताट पाहिलं. म्हणाल्या, "वेलांटी पहिली काढलीस. दुसरी हवी."