‘त्या काळी तसंच होतं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘त्या काळी तसंच होतं’ आणि ‘त्यांच्यात तसंच चालतं’, ही दोन वाक्यं आली की आपल्याकडे वाद संपतो. पहिलं पूर्वजांना वाचवायला, दुसरं नसत्या भानगडीत पडायला नको म्हणून. मला दोन्ही पटत नाहीत.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ करायचं, एवढाच प्रश्न. (हो, बारा. नीट वाचलंत.) त्याच्या जरा आधी कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या जबरदस्तीत जिवानिशी गेली. तिने दहावं ओलांडलेलं असल्यामुळे बलात्काराचा गुन्हा टिकलाच नाही. तरी या कायद्याविरुद्ध पुण्यात रान उठलं. धर्म बुडाला, परक्या सरकारचा आमच्या घरात काय संबंध, वगैरे.

आता म्हणा, त्या काळी तसंच होतं. मग त्याच काळी, त्याच पुण्यात आगरकर आपल्या ‘सुधारक’ या पत्रात काय लिहीत होते? संस्कृतचे पंडित डॉ. भांडारकर शास्त्रातले आधार काढून कायद्याच्या बाजूने का उभे राहिले? आणि रखमाबाई? अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली. १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर कैद. ती म्हणाली, कैद चालेल. ती काय एकविसाव्या शतकातून आली होती? आपण ‘तो काळ’ म्हणतो तेव्हा त्यातले फक्त मोठ्या आवाजाचे लोक धरतो. फुलमणीचं ‘त्या काळचं’ मत कुणी विचारलेलं नाही.

कायद्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या टिळकांचं म्हणणं बालविवाह चांगला असं नव्हतंच, हे इथे सांगायला हवं. मुलींची लग्नं १६ आणि मुलांची २० च्या आत करू नयेत, असं सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, असं ते सुचवत होते. आक्षेप परक्या सरकारच्या कायद्याला होता. युक्तिवाद दमदार आहे. मला तो चुकीचा वाटतो, कारण लोकांना आपणहून शहाणपण येईपर्यंत पोरींनी काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही. पण ‘तेव्हाचे विचार’ म्हणून तो बाजूला सारणं हा टिळकांचाच अपमान आहे. त्या माणसाला सवलत नको होती, वाद हवा होता.

आगरकरांनी तो घातला. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध लिहिलं म्हणून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले हे दोघे मित्र. पुढे फाटलं, तर आगरकरांनी ‘तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी’ असं केलं नाही. १८८८ मध्ये स्वतःचं पत्र काढलं आणि चूक ते चूक असं छापून सांगितलं. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. अत्यंत ओंगळ प्रकार, पण तेही मी सहन करायच्या खात्यात टाकेन. त्याने आगरकरांची लेखणी थांबली नाही. १८९१ मध्ये सुधारकांची सभा दंगा करून उधळली गेली, ते मात्र नाही. माझी रेघ तिथे.

हे सगळं आठवायचं कारण आमचे एक मामा. नात्यातल्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, ऊसतोडीवाल्यांच्यात पोरींची लग्नं चौदाव्या वर्षी होतात, त्यांची पद्धत आहे, शहरात बसून शहाणपणा शिकवू नका.

पद्धत कसली? बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघतात ती कित्येक महिन्यांसाठी. वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात मुकादम (मजूर गोळा करणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न लावलं की घरात एक कोयता वाढतो. ही परंपरा नाही, हिशेब आहे. आणि भीती आहे. हे कळलं की त्या बापाला शिवी द्यावीशी वाटत नाही. पण त्याने चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न बरोबर ठरत नाही. त्याच भागातल्या मुलींनी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करून स्वतःची लग्नं थांबवल्याच्या बातम्या येतात. ‘त्यांच्यात’ म्हणताना या मुली धरायच्या की नाही?

मामांना ग्रुपमधून काढा, असा भाचेमंडळींचा आग्रह होता. नाही काढलं. त्यांनी मत मांडलंय, लग्न लावलेलं नाही. लावलं तर बालविवाहाविरुद्धचा २००६ चा कायदा आहे, मग ग्रुप नाही, पोलीस. पण ‘जाऊ दे, मोठे आहेत’ म्हणून गप्पही बसलो नाही. सगळ्यांसमोर लिहिलं, मामा, तुमचं चुकतंय, आणि खाली कोयत्याचा हिशेब मांडला. मग काही दिवस अबोला. आता पुन्हा लिहायला लागलेत. त्यांचं नवीन म्हणणं असं की, आधी ऊसतोड मजुरांच्या पोरींसाठी गावोगावी धड वसतिगृहं चालवून दाखवा आणि मग कायद्याच्या गोष्टी करा. यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर आज रात्री ग्रुपवर टाकतो.