वजा एक

गुडघ्यांना अजून तेल चोळतोय, म्हणून राग ताजा आहे.

जपानच्या शिकोकू बेटावर कोतोहिरा-गू नावाचं देवस्थान आहे. लोक लाडानं 'कोम्पिरा-सान' म्हणतात. दर्यावर्दींचा देव. नाव मूळचं आपलं संस्कृत 'कुंभीर', म्हणजे मगर. आता मगरीनं पाण्यात राहावं की नाही? ही बसलीय डोंगरावर. सौ. पायथ्याशीच उदोन नूडल्सचा वाडगा घेऊन बसली आणि "वरचा तो पिवळा ताईत तेवढा आणा" म्हणून मला धाडलं. पूर्वी ज्यांना यात्रा झेपत नसे, ते गळ्यात पैशांची पिशवी बांधून कुत्र्याला पाठवायचे. वाटसरू त्याला सांभाळून न्यायचे, कुत्रं ताईत घेऊन घरी परतायचं. वाटेत त्याचा पुतळा आहे. पासपोर्टची पिशवी माझ्याही गळ्यात होती. ओसाकाला नोकरी करणाऱ्या भाच्यानं आम्हा दोघांचा फोटो काढला. तो फॅमिली ग्रुपवर गेलाय.

मी बँकेतला निवृत्त कॅशियर. पायऱ्या मोजल्याशिवाय चढवत नाही. भाड्याची बांबूची काठी आपटत वर पोचलो आणि धापा टाकत जाहीर केलं, "सातशे शहाऐंशी!"

शेजारी एक आजोबा उभे होते. ऐंशीच्या पुढचे, कपाळावर घामाचा टिपूस नाही. भाच्यानं त्यांना माझा आकडा सांगितला. त्यांनी दातांतून 'स्सस' करून हवा आत ओढली, एखाद्याला वाईट बातमी द्यावी तशी.

"सातशे पंच्याऐंशी."

"मी एकेक मोजलीय म्हणावं."

आजोबांनी माझ्या हातातली काठी घेतली. शेवटच्या पायरीवर चढून दाखवलं, उतरून दाखवलं, पुन्हा चढले. भोवती चार माणसं जमली. भाचा म्हणाला, "मामा, चढायच्या ७८६च आहेत, पण मधे एक उतरती आहे. ती वजा करायची. जपानीत सात म्हणजे 'ना', आठ म्हणजे 'या', सहा म्हणजे 'मु'. 'नायामु' म्हणजे चिंतेनं झुरणं. म्हणून एक कमी केलीय."

अहो, आमच्या काउंटरवर लोक हळूच विचारायचे, "साहेब, ७८६ची नोट आली तर बाजूला ठेवा ना." इथं तोच आकडा अपशकुनी!

आणि वजा कशी? उतरताना गुडघा जास्त दुखतो. नावे टाकलेली रक्कमही खतावणीत दिसते. मजुरी धरायची तर माझ्या ७८७ झाल्या. मी हे सांगितलं. भाच्यानं बहुधा भलतंच सांगितलं, कारण आजोबा कमरेत वाकून हसले आणि माझ्या पाठीवर थोपटलं. नोकरीच्या सुरुवातीचे माझे अकरा महिने 'टेंपररी' म्हणून पेन्शनमधून वगळले, तेव्हाही समोरचा साहेब असाच गोड हसला होता. तो अर्ज अजून फायलीत आहे.

तावातावानं खाली आलो.

"किती पायऱ्या हो?" सौ.नं विचारलं.

"सातशे सत्त्याऐंशी."

"पंच्याऐंशी," भाचा म्हणाला.

"बरं, आणि ताईत?"

मी गळ्यातली पिशवी चाचपली. भाचा छताकडे बघत होता.

"कुत्रं तरी आणायचं," सौ. म्हणाली.