खुलासा : ताटाच्या फोटोवरून इन्सुलिन ठरवू नका

‘जेवणाच्या ताटाचा फोटो काढा, अ‍ॅप कर्बोदकं अचूक सांगतं, त्यावरून इन्सुलिन कमी-जास्त करा’ असा मेसेज मधुमेहींच्या ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे, आणि जिवावर बेतू शकतं.

फोटोत भाकरी दिसते, तिची जाडी दिसत नाही. 30 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या पातळ भाकरीत साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. 60 ग्रॅमची जाड थापली, की थेट दुप्पट. वरून दोन्ही सारख्याच गोल! आमटीत विरघळलेला गूळ तर कुठलाच कॅमेरा पकडू शकत नाही. (आणि ‘गुळाने साखर वाढत नाही’ हा वेगळा गैरसमज आहेच; गूळही साखर वाढवतोच.)

अ‍ॅपचा अंदाज जास्त निघाला आणि तेवढं इन्सुलिन घेतलं, तर रक्तातली साखर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

अ‍ॅप टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ भारतीय पदार्थांची माहिती देतं. आठवडाभर पीठ वजनकाट्यावर मोजून नोंदी ठेवा, जेवणाआधीची आणि दोन तासांनंतरची साखर शेजारी लिहा, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस त्यांनाच ठरवू द्या.